“तसलं काही नाही ना डोक्यात?”

नवीन पनवेलच्या एका सभागृहात आम्ही चाळीसेक जण दोघादोघांच्या जोड्या करून समोरासमोर बसलो होतो. आत्महत्या प्रतिबंधाचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग होतं. शिक्षक, सोसायट्यांचे पदाधिकारी, दोन-तीन आशाताई, पीजी चालवणारं एक जोडपं आणि माझ्यासारखे काही रहिवासी. व्याख्यान झालं, चहा झाला आणि मग सराव. एकाने खचलेल्या माणसाची भूमिका करायची, दुसऱ्याने त्याला विचारायचं. काय विचारायचं ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’

माझ्यासमोर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मायाळू. त्यांनी माझं मनगट धरलं, जेवलीस का विचारलं, झोप लागते का विचारलं, घरचं विचारलं. फळ्यावरच्या वाक्यापाशी आल्या आणि थांबल्या. आवाज खाली गेला. म्हणाल्या, “म्हणजे... तसलं काही नाही ना डोक्यात?”

मी भूमिकेत होते, तरी तोंडातून आपसूक निघालं, “नाही हो, काहीतरीच काय!”

त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच भरून ठेवलेलं होतं. समोरच्याने फक्त मान हलवायची. नंतर भूमिका बदलल्या, मी विचारायला बसले आणि माझंही तेच झालं. कार्यक्रम संपताना फॉर्म आला : विषय समजला का, मदत करण्याचा आत्मविश्वास वाढला का, पाचपैकी गुण द्या. मी पाच दिले. बाईंनीही पाच दिले असावेत. सर्टिफिकेट घेऊन आम्ही घरी गेलो.

अशा ट्रेनिंगमुळे माणसाचं वागणं खरोखर बदलतं का, हा प्रश्न त्या फॉर्ममुळे माझ्या मागे लागला. मनातला आत्मविश्वास आणि तोंडातला शब्द यांच्यामध्ये केवढी दरी असते, ते मी नुकतंच स्वतःच्या मनगटावर अनुभवलं होतं. गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नावर जगभर बरंच काम झालं आहे, त्यातलं काही मोलाचं काम महाराष्ट्रात झालं आहे. उत्तर सोपं नाही, पण धूसरही नाही.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पोलिसांनी नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न सगळ्यात वर होते, ३१.७ टक्के, त्याखालोखाल आजारपण. म्हणजे दुखणं बहुतेक वेळा घरातलंच असतं आणि ते सगळ्यात आधी दिसतं तेही घराच्या आसपासच्यांना. डॉक्टरांच्या केबिनपर्यंत ते पोहोचेल तेव्हा पोहोचेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने पहिलं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, असं त्यात म्हटलं आहे. हे डॉक्टरांच्या बळावर होणार नाही हे उघड आहे. तेवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीतच. म्हणून मग आसपासच्यांना शिकवायचं.

या आसपासच्या माणसाला ट्रेनिंगच्या भाषेत ‘गेटकीपर’ म्हणतात. कॅनडातल्या कॅल्गरीत १९८३ साली ‘असिस्ट’ हा दोन दिवसांचा अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेत पॉल क्विनेट यांनी १९९५ मध्ये ‘क्यूपीआर’ आणला : विचारा, मन वळवा, योग्य ठिकाणी पोहोचवा. हृदय बंद पडलेल्या माणसाला जसा कोणीही छाती दाबून वाचवू शकतो, तसंच हे तासा-दोन तासांत कोणालाही शिकवता येईल, अशी त्यामागची कल्पना. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० च्या सुमारास मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम घडवला. आपल्याकडे कॉलेजांत, कंपन्यांत, पोलिस ठाण्यांत जी सत्रं होतात, त्यांच्या मुळाशी बहुधा या तिघांपैकी एक असतो.

या सगळ्यांवर जे अभ्यास झाले, त्यांतली पहिली गोष्ट निर्विवाद आहे. ट्रेनिंगनंतर माहिती वाढते, गैरसमज कमी होतात, ‘मी मदत करू शकेन’ असं माणसाला वाटायला लागतं. शाळा असो, सैन्य असो, दवाखाना असो, हा निकाल जवळपास सगळीकडे येतो. माझ्या पाच गुणांत काही खोटं नव्हतं. पण काही महिन्यांनी यातलं थोडंफार ओसरतं, आणि मुळात हे मोजमाप माणसाच्या स्वतःबद्दलच्या मताचं आहे. त्याने पुढे प्रत्यक्ष कोणाला विचारलं का, हे फार थोड्यांनी मोजलं.

ज्यांनी मोजलं, त्यांच्यातला पीटर वायमन यांचा २००८ सालचा अभ्यास मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ३२ शाळा त्यांनी घेतल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळांना आधी ट्रेनिंग दिलं आणि २४९ कर्मचाऱ्यांना वर्षभराने गाठलं. माहिती वाढली होती, आत्मविश्वास वाढला होता. पण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विचारणं ठळकपणे वाढलं ते फक्त १४ टक्के कर्मचाऱ्यांत. आणि हे १४ टक्के कोण, तर जे ट्रेनिंगच्या आधीपासूनच मुलांशी असल्या विषयांवर बोलत होते. ज्यांच्याकडे मुलं आधीच येत होती, त्यांच्या हातात ट्रेनिंगने एक चांगलं हत्यार दिलं. बाकीच्यांना नुसती माहिती मिळाली. त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट दिसली : ज्या मुलांनी पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केला होता, त्यांनाच शाळेतल्या मोठ्या माणसांकडे जावंसं सगळ्यात कमी वाटत होतं. म्हणजे शिक्षक कितीही डोळ्यांत तेल घालून बसले, तरी ज्याला गरज आहे तो त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येतच नाही.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. दहा देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. काही शाळांत शिक्षकांना क्यूपीआर शिकवलं. काही शाळांत तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेतली. काही शाळांत मुलांनाच वर्गात बसवून, छोटी नाटुकली करायला लावून, ताण, निराशा, मित्राला कसं सांभाळायचं यावर बोलतं केलं. वर्षभराने या तिसऱ्या प्रकारच्या शाळांत आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण ०.७० टक्के होतं, तर ज्या शाळांत फक्त भिंतीवर माहितीपत्रकं लावली होती तिथे १.५१ टक्के. निम्म्याहून कमी. शिक्षकांना ट्रेनिंग दिलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही. शिक्षकांचं ट्रेनिंग वाया गेलं, असा अर्थ मी काढत नाही. पंधरा वर्षांची मुलगी मनातलं आधी सांगते ती बाकावरच्या मैत्रिणीला, एवढंच त्यातून कळतं. आणि आपल्या शाळांत त्या मैत्रिणीला कोणी काही शिकवत नाही.

ट्रेनिंग निरुपद्रवी असतं, असंही धरून चालता येत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात आदिवासी समाजातल्या ५५ जणांचे दोन गट करून तुलना झाली. एका गटाला दोन दिवसांचं असिस्ट, दुसऱ्या गटासोबत दोन दिवसांचं निवांत एकत्र राहणं. सहा महिन्यांनी मदतीच्या वागण्यात फरक आढळला नाही, आणि असिस्ट घेतलेल्यांतल्या काहींच्या स्वतःच्याच मनात तसे विचार आल्याची काळजी संशोधकांनी नोंदवली. गट लहान होता, त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. पण ज्या वस्तीत प्रत्येक घराने कोणाला तरी गमावलं आहे, तिथे दोन दिवस हा विषय उकलून मग सर्टिफिकेट देऊन निघून जाणं म्हणजे काय, याचा विचार करायला तो पुरेसा आहे.

आमच्या सभागृहातही मला ते जाणवलं होतं. ‘धोक्याची चिन्हं’ अशी स्लाइड आली : आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होणं, निरवानिरवीची भाषा. बहुतेक जण वहीत उतरवून घेत होते. मागच्या रांगेतल्या एक काकू लिहीत नव्हत्या. त्या स्लाइडकडे बघत होत्या. त्यांनी काय सोसलं होतं ते मी विचारलं नाही, पण तशी नजर मी आधी पाहिली आहे : हे सगळं तर दिसत होतं आणि मला कळलं नाही, असं म्हणणारी. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये हे सांगायला हवं की ही चिन्हं मागे वळून बघताना स्वच्छ दिसतात, पुढे बघताना नाही. हजारो माणसं वस्तू वाटतात, शांत होतात, आणि जगतात. ज्यांनी माणूस गमावला, ते बेसावध राहिले म्हणून गमावला असं नाही. हे वाक्य स्लाइडवर घालायला फारशी जागा लागत नाही; मी तरी ते कुठल्या स्लाइडवर अजून पाहिलेलं नाही.

मग ट्रेनिंगने वागणं बदलल्याचा पुरावा कुठेच नाही का? आहे, आणि तो जिथे आहे तिथली परिस्थिती बघण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनच्या १७ केंद्रांवर मॅडलिन गुल्ड यांनी फोन मूकपणे ऐकून नोंदी केल्या. १,४१० संकटातल्या माणसांचे १,५०७ फोन. असिस्ट शिकलेल्या समुपदेशकांशी बोललेली माणसं फोन ठेवताना कमी खचलेली, कमी गांगरलेली आणि थोडी अधिक आशा असलेली आढळली. इथे कोणी स्वतःला पाच गुण दिले नव्हते. तिसऱ्याने कान देऊन ऐकलं होतं. फरक का पडला? कारण या लोकांकडे माणसं आपणहून येत होती. शिकलेलं त्याच रात्री वापरायला मिळत होतं, आणि शेजारी सल्ला द्यायला वरिष्ठ होते. दुसरा एक अभ्यास शाळेतले कर्मचारी आणि पालकांवर झाला. ज्यांनी व्याख्यानानंतर संवादाचा प्रत्यक्ष सराव केला, ते पुढे खचलेल्या माणसाची भूमिका करणाऱ्या नटासमोर बसवल्यावर नुसतं ऐकून आलेल्यांपेक्षा चांगलं बोलू शकले. म्हणजे मायाळू बाई आणि मी त्या दिवशी अडखळलो, ती वेळ वाया गेली नव्हती. उलट सगळ्या दुपारीत कामाची तीच दहा मिनिटं होती, आणि ती दहाच होती.

टिकण्याचं काय? अमेरिकेत ज्या जिल्ह्यांत तरुणांसाठी अशी ट्रेनिंगं झाली, तिथे पुढच्या वर्षी १० ते २४ वयोगटातले आत्महत्येने होणारे मृत्यू ट्रेनिंग न झालेल्या तशाच जिल्ह्यांपेक्षा कमी झाले. त्याच्या पुढच्या वर्षी तो फरक पुसला गेला. जिथे काम अनेक वर्षं चालू ठेवलं, तिथे परिणाम जास्त टिकला, असं २०१९ मध्ये दिसलं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरची गोष्ट याहून जुनी. तिथल्या सगळ्या सामान्य डॉक्टरांना १९८३-८४ मध्ये नैराश्य ओळखायला शिकवलं, आत्महत्या लक्षणीय घटल्या. तीन-चार वर्षांत शिकलेले निम्मे डॉक्टर बदलून गेले आणि आकडा पुन्हा होता तिथे आला. ज्याला आपल्या सरकारी बदल्या ठाऊक आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता ‘नाही ना’कडे परत येते. माझ्या मते मराठी माणसासाठी प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

आपल्याकडे अशुभ बोलू नये असं बाळकडू असतं. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं आजी दटावायची. तिन्हीसांजेला कोणी ‘मरू दे ते’ म्हटलं तरी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ व्हायचं. या संस्कारात माया आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण त्याच घरातला मुलगा जेव्हा म्हणतो, ‘मला आता कंटाळा आला या सगळ्याचा’, तेव्हा त्याच मायेपोटी त्याचं तोंड बंद होतं : ‘असं बोलू नये.’ आपली सगळी सांत्वनं तोंड बंद करणारी आहेत. ‘होईल सगळं नीट.’ ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत.’ ‘आईबाबांचा विचार कर.’ आत्महत्येसाठीही आपण ‘जिवाचं बरंवाईट’ म्हणतो. ‘बरं’ आधी लावून, शब्दाला घडी घालून ठेवतो.

यामागची भीती खरी असते : विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. ही भीती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्यांचा ताण वाढलेला नव्हता. जी मुलं आधीच खचलेली होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, ती विचारल्यावर उलट थोडी हलकी झाल्याचं दिसलं. २००५ सालचा हा निकाल, आणि नंतरही उलटं दाखवणारा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. वास्तू तथास्तु म्हणत असेलच, तर ती मूग गिळून बसण्यालाही म्हणत असेल.

पण फळ्यावरचं वाक्यही बोलण्याचं नव्हतं. ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का’ हे एखाद्या सरकारी प्रश्नावलीतलं मराठी आहे. माणूस कधी रात्री जिन्यात बसलेल्या मित्राला असं विचारतो का? सरळ विचारायचं, पण आपल्या तोंडात बसेल असं : ‘जीव नकोसा झालाय का रे?’ ‘जीव द्यावासा वाटतो का?’ ‘मरून जावं असं येतं का मनात?’ यात शब्द पुसट होत नाही आणि ‘ना’ची पळवाटही राहत नाही. सासूबाईंना विचारायचं तर ‘तुम्हाला’ म्हणून, थोडं बाजूने सुरुवात करून. दोस्ताला अरे-तुरे करून. ट्रेनिंगमध्ये एक तास फक्त यालाच द्यावा. प्रत्येकाने आपलं स्वतःचं वाक्य शोधावं आणि ते दहा वेळा मोठ्याने म्हणावं, जिभेला त्याची सवय होईपर्यंत.

महाराष्ट्रात जिथे हे काम चांगलं झालं, तिथे भाषा आणि माणूस दोन्ही गावातलेच होते. विदर्भातला ‘विश्राम’ प्रकल्प घ्या. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत केलेल्या पाहणीचे निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी बैठका घेतल्या, खचलेल्या माणसाशी प्राथमिक बोलणं केलं. गरज पडली तर गावपातळीवरचा समुपदेशक, त्याच्यावर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेले आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झाले. गेल्या वर्षभरात मरणाचे विचार आले असं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पाऊसपाणी, भाव यांचाही वाटा असेल. पण पहिला आकडा वागण्याचा आहे. माणसं उठून मदतीकडे गेली. ती एकट्या ट्रेनिंगमुळे गेली नाहीत, पुढच्या पायऱ्या तिथे हजर होत्या म्हणून गेली.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू केलेलं ‘आत्मीयता’ हे काम मला त्याहूनही जवळचं वाटतं. डॉ. सौमित्र पाठारे त्यामागे आहेत. पुढे गुजरातमधल्या मेहसाण्यात ते शेकडो गावांत गेलं. गावात ज्याच्याकडे लोक आधीपासूनच अडीनडीला जातात, अशी माणसं त्यांनी शोधली. त्यांना मोबाइलवर छोट्या फिल्म दिल्या, ऐकून घ्यायला शिकवलं, चार-सहा भेटींचं साधं समुपदेशन शिकवलं. आणि विधवा पेन्शन, अपंगत्वाचा दाखला, रेशन यांची कागदपत्रं करून द्यायलाही शिकवलं. जॉर्जियातल्या त्या १४ टक्क्यांचं रहस्य इथे आधीच ओळखलेलं दिसतं : गेटकीपर बनवायचा नसतो, तो तिथे असतोच, त्याला हेरायचं असतं. शिवाय पेन्शनचा अडकलेला अर्ज मार्गी लावणं ही मदत नाही असं कोण म्हणेल? राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात घरोघर जाऊन विचारायचं काम आशाताईंकडे आलं. निवड बरोबर होती. पण त्याच ताईंच्या डोक्यावर लसीकरण, गरोदर बायका, सर्वेक्षणं आणि हजार नोंदवह्या. खचलेल्या माणसापाशी अर्धा तास टेकायला तिला वेळ कोण देणार, हे ट्रेनिंगच्या आराखड्यात कुठे बसत नाही.

नवीन पनवेलमध्ये लोक आपणहून ज्याच्याकडे जातात, असं माणूस कुठलं? हे गाव नव्हे. सिडकोने आखलेली सेक्टरं आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका. पिल्लई कॉलेज, खांदा कॉलनीतलं चांगू काना ठाकूर महाविद्यालय, त्यांच्या भोवती शेअरिंगच्या खोल्या. कोकणातून, साताऱ्या-सोलापुराकडून आलेली पोरं. पहाटेची लोकल पकडणारी आणि रात्री उशिरा परतणारी माणसं, ज्यांना शेजारच्या फ्लॅटचं आडनाव ठाऊक नसतं. इथे सोसायटीच्या पदाधिकाऱ्याकडे कोणी मन मोकळं करत नाही. पण मेसवाल्या काकूंना कळतं की हा मुलगा तीन दिवस डबा अर्धा ठेवून जातो. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना कळतं की चौथ्या मजल्यावरचा दिवा रोज तीनपर्यंत असतो. रूम पार्टनरला तर सगळंच कळतं. आमच्या सभागृहात यांतलं कोणीही नव्हतं. वेळच अशी होती, कामाच्या दिवसाची दुपार.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड वाराह या धर्मगुरूने खचलेल्या माणसांसाठी फोन सुरू केला, त्यातूनच पुढे समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली आणि तिच्या धर्तीवरचं काम मुंबईपर्यंत आलं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली, तेव्हा थांबलेल्यांना चहा द्यायला काही साधी माणसं मदतीला आली. वाराह यांच्या लक्षात आलं की चहा घेता घेता बरेच जण त्या माणसांपाशीच बोलून मोकळे होतात आणि आत न येताच निघून जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम त्या चहावाल्या स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. मेसच्या ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंचं काम तेच आहे. त्यांना तीन तासांची स्लाइड नको. दुपारच्या रिकाम्या वेळात, मेसमध्येच, चार वेळा अर्धा-अर्धा तास बसून त्यांची भाषा त्यांना परत द्यायला हवी. आणि हे आपलं एकटीचं ओझं नाही, हेही सांगायला हवं.

कारण विचारल्यावर समोरचा ‘हो’ म्हणाला तर? बहुतेक जण विचारत नाहीत ते यामुळे. रात्री अकरा वाजता काकूंनी विचारलं, मुलगा हो म्हणाला, पुढे? टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो भिंतीवर लावला तर उपयोग कमी, स्वतः एकदा लावून पाहिला तर जास्त. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही हेल्पलाइन २०१२ पासून आहे, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेची ‘मैत्र’ आहे. तातडीचं असेल तर कामोठ्याचं मोठं हॉस्पिटल जवळ आहे. पण मनात पहिला विचार येतो तो पोलिस केसचा. लोकांना अजून ठाऊक नाही की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे आणि त्याला शिक्षा करायची नाही, उपचार आणि पुनर्वसन द्यायचं असं सरकारवर बंधन घातलं आहे. जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत तसं उरलंच नाही. ही दोन वाक्यं ट्रेनिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सांगितली, तर कित्येक तोंडं उघडतील.

हॉस्पिटलपर्यंत पोहोचवलं की काम संपलं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ माणसांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय तासभर समजावणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट : कसे आहात? पहिल्या गटात १८ जण पुढे आत्महत्येने गेले, दुसऱ्यात दोन. या सगळ्या आढाव्यात मी वाचलेला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि त्यातलं कौशल्य काय, तर विसरायचं नाही. आपल्याकडे आजाऱ्याला हॉस्पिटलात बघायला पन्नास माणसं जातात. या आजारानंतर घरी परतलेल्याकडे मात्र कोणी फिरकत नाही, काय बोलावं कळत नाही म्हणून. ट्रेनिंगने हे एक वागणं बदललं, घरी आलेल्याला आठवड्याने जाऊन ‘चहा टाक’ म्हणायला शिकवलं, तरी मला ते पुरेसं वाटेल.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग. ‘न शिकवणाऱ्या’ हा शब्द आला म्हणून मला बरं वाटलं. लॅबमधले मामा, ग्रंथालयातल्या ताई, गेटवरचे काका त्यात आले. ‘दोनदा’ हा शब्दही चांगला आहे, कारण एकदा शिकवलेलं टिकत नाही हे गॉटलंडने दाखवलंच आहे. धास्ती एवढीच वाटते की दोन सत्रं म्हणजे दोन फोटो, दोन हजेरीपट आणि पाचपैकी पाच गुणांचे दोन गठ्ठे होतील.

नवीन पनवेलमधल्या कॉलेजांनी एक करून पाहावं. दुसऱ्या सत्राला व्याख्यान ठेवूच नये. खुर्च्या गोल मांडाव्यात आणि मामांपासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला विचारावं : मधल्या सहा महिन्यांत कोणाला विचारलंत? कुठल्या शब्दांत विचारलंत? तो काय म्हणाला? आणि विचारायचं होतं पण विचारलं नाही, असं कोण राहिलं?